अपहाराला मुदत किती? तीन वर्षांच्या एका आकड्याची कहाणी

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की शहर मागे पडते न पडते तोच धुराडी दिसू लागतात. हा सिलतरा. धरसीवा भागातली ही औद्योगिक वसाहत स्पंज आयर्नच्या भट्ट्या, बिलेट ओतणारे कारखाने आणि सळ्या लाटणाऱ्या रोलिंग मिल यांनी भरलेली आहे. इथला धंदा रोखीपेक्षा शब्दावर आणि उधारीवर जास्त चालतो. एकाचा माल दुसऱ्याच्या अंगणात पडलेला असतो, तिसऱ्याच्या ट्रकमध्ये असतो आणि त्याचे पैसे चौथ्याकडे अडकलेले असतात.

समजा, इथल्या एका व्यापाऱ्याने शंभर टन बिलेट सळ्या लाटून आणण्यासाठी ओळखीच्या मिलवाल्याकडे टाकले आणि मिलवाल्याने ते परस्पर विकले. रायपुरात याला ‘अमानत में खयानत’ म्हणतात, मराठी पोलीस ठाण्यात अपहार किंवा विश्वासघात. ही विक्री 30 जून 2024 ला झाली असेल आणि पोलिसांनी साध्या विश्वासघाताचे कलम लावले, तर खटल्याला मुदत आहे तीन वर्षांची. तीच विक्री दुसऱ्या दिवशी, 1 जुलै 2024 ला झाली असेल, तर मुदतच नाही. दहा वर्षांनी, वीस वर्षांनीही फिर्याद होऊ शकते.

माल तोच, माणसे तीच, लबाडीही तीच. मग एका रात्रीत काय बदलले? मुदतीच्या मोजमापांना तर कोणी हातही लावला नव्हता. बदलली होती फक्त शिक्षा, तीनाची पाच वर्षे. आपल्या कायद्यात फसवणुकीची आणि अपहाराची मुदत त्या गुन्ह्याकडे पाहून ठरलेलीच नाही. ती शिक्षेच्या आकड्याला बांधलेली आहे, आणि तो आकडा 1860 साली, मुदतीचा विचार कोणाच्या मनातही नसताना, लिहिला गेला होता.

मुदत नसलेली एकशे बारा वर्षे

नागपूरचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले आणि भोसल्यांच्या ताब्यातले छत्तीसगड कंपनीकडे गेले. नोव्हेंबर 1861 मध्ये नागपूरला राजधानी करून मध्य प्रांत उभा राहिला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 1 जानेवारी 1862 ला, भारतीय दंड संहिता अमलात आली. कलम 406 मध्ये विश्वासघाताला तीन वर्षांपर्यंत कैद, कलम 417 मध्ये साध्या फसवणुकीला एक वर्ष, आणि फसवून मालमत्ता उकळली तर कलम 420 खाली सात वर्षे. पुढे याच ‘चारसोबीस’ने आपल्या बोलीत घर केले.

या सगळ्यात फिर्याद कधीपर्यंत करायची याबद्दल चकार शब्द नव्हता. 1861, 1882 आणि 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितांतही नव्हता. इंग्रजी कायद्याची जुनी धारणा अशी, की गुन्हा हा राजाविरुद्ध असतो आणि राजाचा हक्क काळाने बुडत नाही. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा अपहार वीस वर्षांनी न्यायालयात आला तर न्यायाधीश उशिराबद्दल संशय घेऊ शकत होता, पुरावा कमी तोलाचा मानू शकत होता, पण ‘मुदत संपली’ म्हणून दार लावू शकत नव्हता.

दिवाणी बाजूला चित्र उलटे होते. 1859 च्या मुदत कायद्याने दाव्यांना सालवार मर्यादा घातल्या होत्या. त्याच कायद्यात एक शहाणपणाची तरतूदही होती: प्रतिपक्षाने लबाडी करून हक्काची गोष्ट लपवून ठेवली असेल, तर मुदत लबाडी उघड झाल्या दिवसापासून मोजायची. फसवणूक हा लपून राहणारा प्रकार आहे, चोरीसारखा सकाळी उठल्यावर कुलूप तुटलेले दिसणारा नाही, हे दिवाणी कायद्याला तेव्हाच कळले होते. परिणाम असा, की रायपूरच्या सावकाराला कर्ज वसूल करायचे असेल तर कॅलेंडरकडे पाहावे लागे, पण कर्जदाराला लबाडीबद्दल तुरुंगात पाठवायचे असेल तर कॅलेंडराची गरज नव्हती.

मुदत नसण्याचा उपयोग कसा होई, हे मुंबईतल्या एका गाजलेल्या खटल्यात दिसते. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सरकारच्या टेक्स्टाईल कमिशनरने परीख डाइंग अँड प्रिंटिंग मिल्स या कंपनीला मोठ्या प्रमाणावर कापड रंगवायला दिले. काही कापड रंगून परत आले, बरेचसे आलेच नाही. तगादे झाले, पत्रे झाली. 1952 च्या डिसेंबरअखेर धाड पडली तेव्हा कापडाचा पत्ता नव्हता. संचालकांचे म्हणणे, कापडाला वाळवी आणि कसर लागली, म्हणून फेकून दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1960 मध्ये निकाल लागला. माल सोपवल्याचे सिद्ध झाले आणि त्याचा हिशेब देता आला नाही, किंवा दिलेले कारण खोटे ठरले, तर अप्रामाणिक हेतूचा निष्कर्ष काढता येतो, असे न्यायालयाने सांगितले. आज सिलतऱ्यातला जॉब वर्कचा कोणताही तंटा याच निकालाच्या वाटेने जातो. कापडाच्या जागी बिलेट, आणि वाळवीच्या जागी ‘वितळताना घट आली’ हे कारण, एवढाच काय तो फरक.

या खटल्यात काळाचा मुद्दा आडवा आला नाही, कारण आडवा येणारा कायदाच नव्हता. कापड सोपवणे आणि धाड यांच्यात वर्षे गेली, तरी फिर्याद उभी राहिली.

1 एप्रिल 1974

स्वातंत्र्यानंतर विधी आयोगाने दोन्ही संहिता तपासायला घेतल्या. के. व्ही. के. सुंदरम यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने जून 1971 मध्ये दंड संहितेवरचा 42वा अहवाल दिला, त्यात खटल्यांच्या मुदतीवर स्वतंत्र प्रकरण होते. संसदेच्या संयुक्त समितीने ती कल्पना उचलली. तिची कारणे आजही पटण्यासारखी आहेत. काळ जातो तशी साक्षीदाराची आठवण पुसट होते. गुन्ह्याची टांगती तलवार माणसाच्या डोक्यावर जन्मभर नसावी. वर्षे उलटली की समाजाच्या मनातला शिक्षेचा आग्रहही बोथट होतो. आणि मुदतीचा धाक असला तर तपास यंत्रणा हातपाय हलवते.

नवी फौजदारी प्रक्रिया संहिता 1 एप्रिल 1974 ला अमलात आली. तिच्या कलम 468 ने पहिल्यांदाच देशभर मुदत आणली. नुसता दंड असलेल्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्याला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत कैदेच्या गुन्ह्याला तीन वर्षे. शिक्षा तीन वर्षांपेक्षा जास्त असेल तर मुदत नाही. मोजणी गुन्ह्याच्या दिवसापासून, पण गुन्हा झाल्याचे पीडिताला किंवा पोलिसाला माहीतच नसेल तर तो कळल्या दिवसापासून. शिवाय कलम 473 ने न्यायालयाच्या हाती एक किल्ली ठेवली: उशिराचे समाधानकारक कारण दिले, किंवा न्यायासाठी आवश्यक वाटले, तर मुदत संपल्यावरही दखल घेता येते.

कागदावर हे नेटके दिसते. पण हे मोजमाप विश्वासघाताच्या कुटुंबाला लावून पाहा. ट्रकवाल्याने वाटेत माल विकला तर कलम 407, सात वर्षे शिक्षा, म्हणून मुदत नाही. मुनीमाने गल्ल्यात हात घातला तर 408, पुन्हा सात वर्षे, मुदत नाही. दलाल, अडत्या, बँकवाला किंवा सरकारी नोकर असेल तर 409, जन्मठेपेपर्यंत, मुदतीचा प्रश्नच नाही. उरला तो साधा माणूस: ओळखीवर माल ठेवून घेणारा, मित्र, मेहुणा, शेजारचा दुकानदार. त्याला 406, तीन वर्षे, म्हणून तीन वर्षांची मुदत. ज्या लबाडीत विश्वास सर्वांत भाबडा असतो, जिथे पावती नसते आणि ‘देईल रे, आपलाच आहे’ म्हणत माणूस वर्षानुवर्षे थांबतो, नेमके तिथेच घड्याळ सुरू झाले.

हे कोणी ठरवून केले नव्हते. 1860 च्या कायदेकर्त्यांनी तीन वर्षे लिहिली ती गुन्ह्याचा गंभीरपणा तोलून. 1974 च्या कायदेकर्त्यांनी तोच आकडा उचलून मुदतीच्या खुंटीला अडकवला. लबाडी किती काळ लपून राहू शकते, हा प्रश्न या दोघांपैकी कोणी या कलमापुरता विचारला नाही.

सरकारने स्वतःपुरता मात्र तो विचारला होता. त्याच 1 एप्रिल 1974 पासून आणखी एक छोटा कायदा लागू झाला: आर्थिक गुन्ह्यांना मुदतीचे प्रकरण लागू न करण्याचा. त्याच्या यादीत आयकर, संपत्ती कर, केंद्रीय उत्पादन शुल्क असे कायदे होते. कारण उघड आहे. करबुडवेगिरी हिशेबाच्या वह्यांत लपते आणि उशिरा सापडते. म्हणजे सरकारचा पैसा बुडवणाऱ्याच्या मागे कायदा कितीही वर्षे जाऊ शकत होता, आणि नागरिकाचा पैसा साध्या विश्वासघाताने बुडवणाऱ्याला तीन वर्षे काढली की बरेच काही माफ होते. वह्यांत लपण्याची कला दोघांची सारखीच.

पतियाळ्याचा रोखपाल

नव्या मुदतीची ठळक कसोटी लागली ती पंजाबात. पतियाळा जिल्ह्यातल्या एका सहकारी संस्थेच्या रोखपालावर 1972 मधल्या अपहाराचा आरोप होता. जानेवारी 1973 च्या लेखापरीक्षणात तो उघड झाला होता. दोषारोपपत्र न्यायालयात आले ऑक्टोबर 1976 मध्ये. खालच्या न्यायालयाने कलम 406 खाली शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने मुदतीच्या मुद्द्यावर सोडले, आणि 1981 मध्ये ‘पंजाब राज्य विरुद्ध सरवन सिंग’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुटका कायम केली. न्यायालयाने बजावले, की खूप काळानंतर खटले भरून माणसाला छळता येऊ नये हाच या तरतुदीचा हेतू आहे आणि न्याय्य खटल्याच्या हक्काशी तिचे नाते आहे. म्हणून सरकारी पक्षानेही ती काटेकोरपणे पाळली पाहिजे.

निकाल तत्त्वाला धरून होता. पण सहकारी संस्थेच्या सभासदाच्या जागेवरून पाहा. पैसे खाल्ल्याचे लेखापरीक्षकाने लिहून दिले होते. सभासदाने काही लपवले नव्हते, उशीरही त्याने केला नव्हता. उशीर केला यंत्रणेने, आणि फायदा मिळाला आरोपीला. मुदतीचा धाक पोलिसांना वाटेल अशी संसदेच्या समितीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात मुदत चुकल्याची किंमत पोलीस मोजत नाहीत, ज्याचे पैसे गेले तो मोजतो.

वकील आणि ठाणेदार यांनी यावर लवकरच तोड काढली. 1978 च्या दुरुस्तीने कलम 468 ला एक पोटकलम जोडले होते: अनेक गुन्हे एकत्र चालवता येत असतील तर मुदत सर्वांत जास्त शिक्षेच्या गुन्ह्यावरून ठरेल. म्हणजे 406 च्या शेजारी 420 लिहिले, की सात वर्षांची शिक्षा आली आणि मुदत गेली. फिर्यादींत ‘406, 420’ ही जोडगोळी सर्रास दिसते, तिला या सोयीनेही हातभार लावला. माल सोपवला होता की फसवून घेतला होता, याचा नीट विचार न करता दोन्ही कलमे लिहायची. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. फसवणुकीत लबाडी पहिल्या क्षणापासून असते, माल हातात येतो तोच खोटेपणाने. विश्वासघातात माल सरळपणे सोपवलेला असतो, नियत नंतर फिरते.

आरोपीलाही काही संरक्षण मिळाले, आणि ते महाराष्ट्रातल्या प्रकरणातून. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध शरच्चंद्र विनायक डोंगरे’ या खटल्यात नव्वदच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उशीर माफ करायचा असेल तर आधी आरोपीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. मुदत संपल्याने आरोपीला एक हक्क मिळालेला असतो, तो त्याच्या पाठीमागे काढून घेता येत नाही.

सिलतऱ्याची उधारी

सिलतऱ्याचा पट याच नव्वदच्या दशकात विस्तारत गेला. जानेवारी 1992 मध्ये केंद्राने लोखंड-पोलादाच्या किमतीवरचे आणि वाटपावरचे नियंत्रण उठवले. त्याआधी माल मिळणे हीच मोठी गोष्ट होती. परवाना आणि कोटा हातात असला की गिऱ्हाईक दारात उभे. नियंत्रण गेल्यावर गणित फिरले. भिलाईचा मोठा सरकारी कारखाना शेजारी होताच, बैलाडिल्याचे खनिज आणि कोरब्याचा कोळसा आवाक्यात होता. खासगी भट्ट्या पेटल्या आणि माल विकणे ही मोठी गोष्ट झाली. विकायचे तर उधारी द्यावी लागते.

नागपूर या बाजारापासून लांब नाही. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. 1936 पासून दोन्हीकडची अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात चालत, नंतर रायपूरची जबलपूरला गेली आणि 2000 पासून बिलासपूरला. न्यायालये वेगळी झाली तरी रेल्वे आणि हमरस्ता तोच राहिला. दोन राज्यांच्या मध्ये माल धावतो आणि पैसे मागून येतात, किंवा येत नाहीत.

उधारीच्या या जगात व्यापाऱ्यासाठी सर्वांत कडक घड्याळ फौजदारी संहितेत नव्हतेच, ते चेकच्या कायद्यात होते. 1 एप्रिल 1989 पासून चेक न वटणे गुन्हा ठरला. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यावर आता तीस दिवसांत नोटीस (सुरुवातीला ही मुदत पंधराच दिवसांची होती), नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला पंधरा दिवस, आणि तेही गेले की एका महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार. चेक दिलेला पुरवठादार आठवड्यांचा हिशेब ठेवतो. ‘पुढच्या महिन्यात नक्की’ यावर विश्वास ठेवून ज्याने ही मुदत घालवली, तो मग पोलीस ठाण्याकडे वळतो आणि त्याची फिर्याद 420 मध्ये बसवली जाते. वसुलीचा तंटा असा फौजदारीच्या कपड्यांत न्यायालयात येतो. सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल वारंवार नापसंती दाखवली आहे.

2014 मध्ये ‘दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने चेकचा खटला चेक देणाऱ्याची बँक जिथे असेल तिथेच चालेल असे ठरवले. रायपूरच्या पुरवठादाराला नागपूरच्या गिऱ्हाइकावर खटला भरायचा तर नागपूर गाठणे भाग पडले. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा बदलून पैसे घेणाऱ्याच्या बँकेचे ठिकाण मान्य केले. अंतराचा प्रश्न सुटला, वेळेचा कायम राहिला.

खटला संपण्याची मुदत

खटला सुरू करायची मुदत एक, संपवायची दुसरी. दुसऱ्या मुदतीवरचा देशातला सर्वांत मोठा वाद महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या खटल्यातून उभा राहिला. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी स्थापलेल्या प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्यांचा आणि सिमेंटच्या वाटपाचा संबंध जोडला गेला. सप्टेंबर 1981 मध्ये रामदास नायक यांनी मुंबईत खासगी फिर्याद केली. लाचलुचपतीच्या आरोपांबरोबर त्यात 420 चाही आरोप होता. जानेवारी 1982 मध्ये उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांचा प्रतिकूल निकाल आला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर परवानगी कोणाची लागते, खटला कोणत्या न्यायालयात चालवायचा, यावरच प्रकरण वर-खाली होत राहिले. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपवला, 1988 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ती सोपवणूकच रद्द केली.

फिर्याद दाखल होऊन दहा वर्षे झाली तेव्हा, डिसेंबर 1991 मध्ये, घटनापीठासमोर प्रश्न आला: लवकर खटला चालणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असेल, तर ठरावीक वर्षांनंतर खटला आपोआप रद्द व्हावा का? घटनापीठाने हक्क मान्य केला, तपासापासून अपिलापर्यंत सगळ्या टप्प्यांना तो लागू असल्याचे सांगितले, पण वर्षांची सरसकट मर्यादा घालायला नकार दिला. उशीर कोणामुळे झाला, प्रकरण किती गुंतागुंतीचे आहे, आरोपीने स्वतः किती तारखा मागितल्या, हे प्रत्येक खटल्यात पाहायचे. 1996 आणि 1998 मध्ये लहान पीठांनी वर्षे ठरवून देण्याचा प्रयत्न केला. 2002 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तो मोडीत काढला. खटला संपण्याला भारतात आजही ठरावीक मुदत नाही.

कोणती तारीख मोजायची?

इकडे पहिल्या मुदतीत एक गाठ तशीच होती. तीन वर्षे संपायच्या आत नेमके काय व्हायला हवे? तक्रार दाखल, की न्यायाधीशाने तिची दखल घेणे? कलमात शब्द होता दखलीचा. 1990 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने दखलीचीच तारीख धरली. 2003 मध्ये भरत दामोदर काळे यांच्या प्रकरणात आणि 2007 मध्ये पुन्हा, तक्रारीची तारीख धरली. फिर्यादी वेळेत न्यायालयात पोचला आणि न्यायाधीश रजेवर असले, तर शिक्षा फिर्यादीला का, असा साधा प्रश्न त्यामागे होता.

हा तिढा सोडवला तो मुंबईच्या वकिलीतून आणि उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी लिहिलेल्या निकालाने. 26 नोव्हेंबर 2013 रोजी ‘सारा मॅथ्यू’ प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले, की तक्रार दाखल झाल्याची किंवा खटल्याची कारवाई सुरू झाल्याची तारीख मोजायची, दखलीची नाही. जागरूक फिर्यादीचे न्यायालयाच्या संथपणामुळे नुकसान होऊ नये. त्याआधी दोनच आठवड्यांपूर्वी, ‘ललिता कुमारी’ प्रकरणात, दुसऱ्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे असे बजावले होते. मात्र व्यापारी व्यवहारांच्या तक्रारींत आणि फार उशिरा आलेल्या तक्रारींत प्राथमिक चौकशीला वाव ठेवला होता. सिलतऱ्यातल्या तक्रारी बहुधा या दोन्ही अपवादांत बसतात.

एका रात्रीत पाच वर्षे

डिसेंबर 2023 मध्ये संसदेने तीन नवे फौजदारी कायदे मंजूर केले आणि 1 जुलै 2024 ला ते लागू झाले. मुदतीचे प्रकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 513 ते 519 मध्ये आले. सहा महिने, एक वर्ष, तीन वर्षे ही मोजमापे जशीच्या तशी राहिली. कलम 514 ला एक स्पष्टीकरण जोडले गेले: न्यायालयात तक्रार दाखल झाल्याची किंवा पोलिसांनी खबर नोंदवल्याची तारीख धरायची. सारा मॅथ्यू निकालाचे तत्त्व असे कायद्यात उतरले, आणि पतियाळ्याच्या खटल्यात दोषारोपपत्राची तारीख ज्या तऱ्हेने निर्णायक ठरली, ती तऱ्हा संपली.

खरा बदल दुसऱ्या पुस्तकात झाला, भारतीय न्याय संहितेत. विश्वासघाताचे नवे कलम 316. साध्या विश्वासघाताची शिक्षा तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. तोतयेगिरी करून फसवण्याची शिक्षाही तीनाची पाच झाली. साध्या फसवणुकीची एकाची तीन झाली, म्हणजे तिची मुदत एक वर्षावरून तीन वर्षांवर गेली. साध्या विश्वासघाताला आणि तोतयेगिरीला तीन वर्षांची मर्यादा ओलांडल्यामुळे मुदतच उरली नाही. पन्नास वर्षे ज्या मुदतीवर सुटका आणि शिक्षा ठरत होत्या, ती मुदतीचा उच्चारही न करता नाहीशी झाली.

जुन्या घटनांना हे लागू नाही. घटनेच्या अनुच्छेद 20 नुसार गुन्हा घडला त्या वेळच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. 30 जून 2024 पर्यंतच्या अपहाराला जुने 406 आणि जुनी तीन वर्षेच. त्या दिवशीचा अपहार त्याच दिवशी कळला असेल तर फिर्यादीची शेवटची तारीख 30 जून 2027. कळलाच उशिरा तर तिथून पुढे तीन वर्षे. सिलतऱ्यातल्या जुन्या वह्यांत अशी प्रकरणे पडून असतील, तर त्यांच्या मालकांनी नव्या कायद्याच्या भरवशावर बसू नये.

बरोबर त्याच वेळी न्यायालयाने 406 आणि 420 ची जोडगोळीही मोडायला घेतली. ऑगस्ट 2024 मध्ये ‘दिल्ली रेस क्लब विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या निकालात न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्र यांच्या पीठाने सांगितले, की एकाच व्यवहारात एकाच वेळी फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही असू शकत नाहीत. प्रकरण होते रेसच्या घोड्यांना उधारीवर चारा-दाणा पुरवणाऱ्याचे. विक्री झाली की माल गिऱ्हाइकाच्या मालकीचा होतो, तो ‘सोपवलेला’ राहत नाही. पैसे थकले म्हणून विश्वासघात होत नाही. चारा-दाण्याच्या जागी सळ्या घातल्या की सिलतऱ्यातली निम्मी भांडणे या निकालाच्या कक्षेत येतात. जॉब वर्कला दिलेले बिलेट सोपवलेले असतात, उधारीवर विकलेल्या सळ्या नसतात.

म्हणजे आज चित्र असे आहे: फौजदारीचे दार पहिल्यापेक्षा अरुंद झाले, पण एकदा प्रकरण त्यात बसले की ते कायमचे उघडे. गुन्हा नोंदवण्याआधी, तीन किंवा अधिक पण सातपेक्षा कमी वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे, आणि पाच वर्षांचा विश्वासघात नेमका त्यात बसतो. खोट्या फिर्यादीला तिथे चाप लागू शकतो. पण नव्या कायद्याखालच्या विश्वासघाताची तक्रार पंधरा वर्षांनी जुन्या भागीदारीतून उकरून काढली, तरी तिला वेळेचे कारण देऊन अडवण्याचा हक्क आरोपीकडे नसेल. संयुक्त समितीने मांडलेली कारणे, साक्षीदाराची पुसट आठवण आणि डोक्यावरची टांगती तलवार, विश्वासघाताच्या बाबतीत 2024 मध्ये खोटी ठरली असे कोणी म्हटलेले नाही. त्यांचा विचारच झाला नाही.

विचार करता येतो, हे फ्रान्सने दाखवले आहे. तिथे 2017 च्या सुधारणेने मधल्या दर्जाच्या गुन्ह्यांची मुदत तीनाची सहा वर्षे केली. लपवलेल्या गुन्ह्यात ती गुन्हा उघड झाल्यापासून मोजायची, पण गुन्ह्यापासून बारा वर्षांपलीकडे जायचे नाही. फसलेल्याला शोधायला वेळ मिळतो आणि आरोपीलाही कधीतरी मोकळा श्वास. इंग्लंडने गंभीर गुन्ह्यांना सर्वसाधारण मुदत न ठेवण्याची जुनी वाट धरली आहे, पण ती जाणूनबुजून. आपण मात्र पन्नास वर्षे मुदत ठेवली ती एका जुन्या आकड्यामुळे, आणि काढली तीही आकडा बदलल्यामुळे.

शिक्षा वाढवायची की नाही हा एक प्रश्न आहे, आणि किती वर्षांनी कोणाच्या दारात पोलीस जाऊ शकतात हा दुसरा. विश्वासघाताला स्वतःची मुदत हवी: कळल्यापासून मोजलेली, बाहेरून एक शेवटची हद्द असलेली, आणि पोलिसांच्या उशिराचा बोजा फिर्यादीवर न टाकणारी. कलम 514 च्या मोजमापात एक ओळ वाढवली तर हे होऊ शकते. तोवर उधारीच्या बाजारातल्या माणसाने वकिलाला पहिला प्रश्न ‘कलम कोणते?’ असा विचारावा, आणि दुसरा ‘तारीख कोणती?’